फावल्या वेळेची खाकी

गृहरक्षक दलाची, म्हणजे ज्याला आपण सारे सवयीने 'होमगार्ड' म्हणतो त्या दलाची, ओळख करून देणारे केंद्रीय गृहखात्याचे एक निवेदन आहे. हे दल समाजाच्या कोणकोणत्या थरांतून उभे राहते याची एक यादी त्यात दिली आहे. यादीत अभियंते आहेत, वकील आहेत, खाजगी आस्थापनांतील नोकरदार आहेत, विद्यार्थी आहेत, शेतावर व कारखान्यात राबणारे श्रमिक आहेत. परंतु यादीचा आरंभ ज्या शब्दाने होतो, तो शब्द आहे 'डॉक्टर'. ही सारी मंडळी आपला फावला वेळ समाजाच्या भल्यासाठी दलाला देतात, असे ते निवेदन सांगते.

हे वाचताना आपल्यापैकी पुष्कळांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल. 'डॉक्टर' आणि 'फावला वेळ' हे दोन शब्द एका वाक्यात ज्याने बसविले, त्याने बहुधा दवाखाना आतून पाहिला नसावा! विनोद बाजूला ठेवू. माझ्या परिचयातील व्यवसायबंधूंत गृहरक्षक म्हणून नाव नोंदविलेला एकही नाही. रोटरी, लायन्स, रक्तदान शिबिरे, गणेशोत्सवातील आरोग्य तपासणी, या सर्वांत आपण आहोत, खाकीत नाही. हे असे का झाले आणि असेच राहावे काय, या प्रश्नावर माझे मत व्यवसायबंधूंपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास, कारण तो आपल्या बडोदेकरांशी संबंधित आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत गृहरक्षक दल स्थापन झाले. जातीय दंगलींनी शहर पोळत होते, पोलीसबळ अपुरे पडत होते आणि मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने नागरिकांचे हे दल उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये याच नावाचे नागरिकांचे दल होते. नाव तेथून आले. १९४७ साली मुंबई प्रांताने त्यासाठी कायदा केला. १ मे १९४९ रोजी आपले बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळा झाला, पण कायद्याचा तो धागा तुटला नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने सर्व राज्यांना आपापल्या स्वयंसेवी संघटना एका साच्यात आणण्याचा सल्ला दिला आणि मुंबईतली कल्पना देशभर गेली. आज केरळ वगळता सर्वत्र हे दल आहे; मंजूर संख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आहे. ब्रीदवाक्य आहे 'निष्काम सेवा'.

कायद्याची रचना मोठी विचारपूर्वक आहे. गृहरक्षक हा नोकर नव्हे. त्याचा चरितार्थ दुसरीकडे चालतो. सेनापतीने पाचारण केले की तो गणवेश चढवून येतो, आणि त्या पाचारणाच्या काळापुरते त्याला पोलीस अधिकाऱ्याचे अधिकार व संरक्षण मिळते. काम संपले की तो पुन्हा शिक्षक, दुकानदार, किंवा डॉक्टर. अधिकार माणसाला चिकटत नाही, कामाला चिकटतो. यात मला एक मोठे शहाणपण दिसते आणि पुढे त्याचाच आधार घ्यायचा आहे.

प्रत्यक्षात काय घडले? माझ्या दवाखान्यात अनेक वर्षे कंपाउंडर असलेला एक गृहस्थ गृहरक्षक होता. नवरात्रात नऊ रात्री, गणेश विसर्जनाला, मोहरमला, निवडणुकीला तो संध्याकाळी पाच वाजता औषधांच्या बाटल्या मांडणीवर ठेवी, मागच्या खोलीत जाऊन खाकी चढवी आणि निघे. पहाटे घरी आणि सकाळी नऊला पुन्हा माझ्याकडे. त्याला निष्काम सेवेविषयी विचारले तर तो हसे. "साहेब, सेवा आहेच, पण भत्त्याचे पैसे आले की मुलीच्या शाळेची फी निघते." या उत्तरात कोणताही खोटेपणा नव्हता. त्याच्याबरोबर बंदोबस्ताला उभे राहणारे बहुतेक रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, रोजंदारीवरचे कामगार असत. यादीच्या शेवटी असलेल्यांनी दल सांभाळले. आरंभी असलेले आपण कधी आलोच नाही. ज्या कामाची कल्पना 'पोट भरलेल्या नागरिकाने वेळ द्यावा' अशी होती, ते काम पोट न भरलेल्या नागरिकाच्या वाट्याला आले आणि भत्ता ही त्याची मजुरी झाली.

एकदा भत्ता ही मजुरी झाली की पुढले प्रश्न अटळ असतात. पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे रोज कामावर बोलावले जाणारे गृहरक्षक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये त्यांना नोकरीत कायम करण्याचे नाकारले, पण महिन्याचे तीस दिवस काम केल्यास पोलिसाच्या किमान वेतनाइतकी रक्कम हाती पडावी, असा भत्ता द्या, असे राज्यांना बजावले. न्याय म्हणून हे योग्यच झाले. पण कल्पना म्हणून पाहिल्यास, महिन्याचे तीस दिवस काम करणारा 'स्वयंसेवक' हा शब्दप्रयोगच आपल्याला सांगतो की मूळ रोगाचे निदान कोठेतरी चुकले आहे.

याहून गंभीर उदाहरणे आहेत. १८६१ च्या पोलीस कायद्यात अडचणीच्या काळी सामान्य रहिवाशांना 'विशेष पोलीस अधिकारी' म्हणून नेमण्याची तरतूद होती. छत्तीसगडमध्ये तिचाच आधार घेऊन आणि नंतर राज्याच्या स्वतःच्या कायद्याखाली, अल्पशिक्षित आदिवासी तरुणांच्या हाती तुटपुंज्या प्रशिक्षणानंतर, महिना तीन हजार रुपयांच्या मानधनावर बंदुका देण्यात आल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नक्षलविरोधी लढाईतील ही नेमणूक घटनाबाह्य ठरविली. स्वयंसेवेच्या नावाखाली गरिबाला स्वस्तातला शिपाई करणे, हे त्या प्रकरणाचे सार आहे, असे मी समजतो.

आणि मग कोलकाता. ९ ऑगस्ट २०२४ चा तो दिवस कोणत्याही डॉक्टरला विसरता येणार नाही. आपल्या एका तरुण भगिनीचा, रात्रपाळीवर असताना, स्वतःच्याच रुग्णालयात बलात्कार करून खून झाला. जानेवारी २०२५ मध्ये ज्याला दोषी ठरवून जन्मठेप देण्यात आली, तो कोण होता? पोलिसांचा 'सिव्हिक व्हॉलंटिअर', म्हणजे कंत्राटी मदतनीस. नियमित पोलीस नाही, परंतु पोलिसांच्या नावावर कोठेही मोकळेपणाने वावरणारा. या मंडळींची भरती कोणत्या कायद्याखाली आणि कशी पडताळणी करून होते, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला त्या राज्य सरकारला विचारावा लागला. तो प्रश्न दुर्घटनेनंतर विचारावा लागला, यातच सारे आले.

त्या दिवसांत आपल्या सभेतही संतापाने बोलले गेले की हे अर्धवेळ पोलीस, मदतनीस, स्वयंसेवक वगैरे प्रकार रुग्णालयाच्या आवारातच काय, गावातही नकोत. हा संताप मला पूर्णतः समजतो. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. कोलकात्याचा गुन्हा स्वयंसेवेने घडविला नाही. निवड नाही, पडताळणी नाही, कायद्याचे कुंपण नाही, वर कोणी उत्तरदायी नाही, आणि तरीही हाती अधिकाराचा आभास, अशी जी पोकळी निर्माण केली गेली तिच्यात तो घडला. जेथे सुशिक्षित, स्थिर, समाजात नाव असलेला नागरिक पाऊल टाकत नाही तेथे पोकळी राहतेच. ती कोणी ना कोणी भरतो.

परदेशात हे कसे चालते, याकडे एक दृष्टी टाकू. इंग्लंडमध्ये 'स्पेशल कॉन्स्टेबल' ही संस्था १८३१ च्या कायद्यापासून ठाशीवपणे चालत आली आहे. १८४८ साली चार्टिस्ट चळवळीच्या मोर्चाच्या भीतीने लंडनमध्ये हजारो नागरिकांना शपथ देण्यात आली, तेव्हा त्या रांगेत देशत्यागी लुई नेपोलियनही होता. चारच वर्षांनी तो फ्रान्सचा सम्राट झाला. (अर्धवेळ पोलिसगिरीनंतर एवढी बढती अन्य कोणास मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.) आज तेथील स्पेशल कॉन्स्टेबल विनावेतन काम करतो, फक्त प्रवासखर्च वगैरे मिळतो. महिन्याला साधारणतः सोळा तास द्यावेत, अशी अपेक्षा असते. अधिकार मात्र नियमित कॉन्स्टेबलचेच, अटकेचा अधिकार धरून. दिवसा बँकेत, शाळेत, संगणकाच्या कंपनीत काम करणारा माणूस शुक्रवारी रात्री गणवेशात गस्त घालतो. काही मालक त्यासाठी पगारी रजाही देतात. जगभर आपली मराठी मुले गेली आहेत. त्यांच्या शेजारात असा एखादा गणवेशधारी असेलच.

परंतु तेथेही सारे आलबेल नाही. २०१२ साली इंग्लंड व वेल्समध्ये वीस हजारांहून अधिक स्पेशल कॉन्स्टेबल होते. २०२३ पर्यंत त्यांची संख्या सात हजारांच्याही खाली उतरली. काही जण नियमित पोलिसांत भरती झाले हे खरे, तरी दोन नोकऱ्या आणि घरभाडे यांच्यात पिचलेल्या मध्यमवर्गाला सोळा तासही जड होऊ लागले, असे म्हणावे लागते. म्हणजे हा रोग आपल्यापुरताच नाही.

आता आपल्या आक्षेपांकडे येतो. वेळेचा आक्षेप मी फार लांबवीत नाही. महिन्याला सोळा तास म्हणजे आठवड्याला चार. ज्याला शनिवारी क्रिकेट आणि रविवारी औषध कंपनीच्या परिषदेसाठी वेळ मिळतो, त्याने हा आक्षेप घेऊ नये. जो एकटाच शल्यविशारद वा प्रसूतितज्ज्ञ म्हणून गाव सांभाळतो, त्याला अर्थातच सूट आहे. प्रतिष्ठेचा आक्षेप, म्हणजे 'डॉक्टरने चौकात शिटी वाजवीत उभे राहायचे काय?', त्याला तर उत्तरच देऊ नये.

खरा आक्षेप तिसरा आहे आणि तो नाजूक आहे. रुग्णाने आपल्याला सांगितलेले गुपित आणि पोलिसाचे कर्तव्य, ही एकाच देहात कशी नांदावीत? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्णाचे गुपित न्यायालयाच्या आदेशासारख्या मोजक्या अपवादांखेरीज फोडू नये, असे आपल्यावर बंधन घातले आहे. समजा, चाकूची जखम घेऊन एक तरुण रात्री तुमच्याकडे आला. जखम शिवताना तो बोलून गेला, "डॉक्टर, आधी मीच मारले." डॉक्टरपुढे बोललेले हे वाक्य पुरावा म्हणून कोर्टात जाऊ शकते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली मात्र पुराव्यात घेता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसेच आहे. मग डॉक्टर-गृहरक्षकापुढे बोलले तर? वकीलमित्रांना या प्रश्नावर एक संपूर्ण संध्याकाळ रंगविता येईल. परंतु कायद्याचे काहीही होवो, त्या तरुणाच्या दृष्टीने विचार करा. समोरचा डॉक्टर कालच मोहल्ल्यात खाकीत उभा होता हे त्याला ठाऊक असेल, तर तो जखम घेऊन येईल तरी काय? आला नाही, आणि रक्तस्रावाने दगावला, तर? १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमीवर आधी उपचार, कायदेशीर सोपस्कार नंतर. त्या निवाड्याने रुग्ण व आपल्यामधून पोलिसाला दोन पावले मागे सरकविले. आपणच पोलीस होऊन ती दोन पावले पुन्हा पुढे यायचे काय?

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझी सूचना सरसकट नाही. डॉक्टरने खाकी चढवावी, पण ज्या वस्तीत त्याचा दवाखाना आहे तेथे नव्हे. रावपुऱ्यात रुग्ण पाहणाऱ्याने बंदोबस्ताला मांजलपुरात उभे राहावे. कोठडीशी, चौकशीशी, तपासाशी त्याचा संबंध कदापि येऊ नये. जागतिक वैद्यक संघटनेचा १९७५ चा टोकियो जाहीरनामा आपल्याला कोणत्याही छळात सहभागी होण्यास, अगदी हजर राहण्यासही, मनाई करतो. आणि आपल्याकडच्या कोठड्यांविषयी आपण सारेच पुरेसे जाणतो. वैद्यकीय-न्यायिक प्रकरणांचे काम जे करतात, शवविच्छेदन व जखमांचे दाखले ज्यांच्या सहीने निघतात, अशा सरकारी रुग्णालयांतील मंडळींनी या दलात मुळीच जाऊ नये. त्यांच्या साक्षीची निःपक्षता गावाला अधिक मोलाची आहे. इंग्लंडमध्येही न्यायदंडाधिकाऱ्यास स्पेशल कॉन्स्टेबल होता येत नाही, ते याच न्यायाने. मघाशी म्हटल्याप्रमाणे आपल्या कायद्यात अधिकार केवळ पाचारणाच्या काळापुरता आहे. इंग्लंडमधल्या 'स्पेशल'चा अधिकार घरी जेवतानाही त्याच्यासोबत असतो. आपला गृहरक्षक दवाखान्यात आला की निव्वळ डॉक्टर असतो. ही आपल्या पक्षी फार मोठी सोय आहे.

मग उरते काय? पुष्कळ उरते. मिरवणुका, विसर्जन, गरब्याचे मैदान, मतदान केंद्राबाहेरची रांग, वाहतूक, पूर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकून ३५ फूट ओलांडले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांचे दवाखाने पाण्यात होते आणि सेना, आपत्ती दल, अग्निशामक यांच्या हाताखाली कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून जे उभे होते त्यांत खाकीतले ते रिक्षाचालकही होते. मधुमेही म्हातारीचे इन्शुलिन कोणत्या मजल्यावर अडकले आहे, डायलिसिसचा रुग्ण आधी काढायचा की तापाचा, हे त्यांना कोणी सांगायचे? होडीत एक डॉक्टर असता तर ते दहा सेकंदांत ठरले असते. गर्दीत कोसळलेल्या माणसाची छाती दाबायला सुरुवात करण्यास लागणारी मिनिटेही अशीच वाचतील. परंतु डॉक्टर तेथे केवळ प्रथमोपचार पेटी घेऊन उभा राहावा असे मला म्हणायचे नाही. तसे तर आपण आजही करतो, तंबूत खुर्चीवर बसून. त्याने रांग लावावी, दोर धरावा, शिव्या ऐकाव्यात.

शिव्यांचा उल्लेख मी जाणूनबुजून केला. आपल्यावर हल्ले होतात. रुग्ण दगावला की जमाव काचा फोडतो. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली आणि गुजरातने २०१२ साली कायदा केला. हल्ल्यानंतर आपण निवेदन घेऊन पोलीस आयुक्तांकडे जातो, काळ्या फिती लावतो आणि संरक्षण मागतो. मागणी न्याय्य आहे. परंतु त्या ठाण्यातल्या हवालदाराशी आपली ओळख काय? एक तर तो वैद्यकीय दाखला मागायला येतो, किंवा आपण त्याला हल्ल्याच्या रात्री बोलावतो. तो बारा-बारा तास उभा असतो, त्याला मूत्रविकार आहे, पाठीचे दुखणे आहे, घरी जाऊन तो कोणावर ओरडतो, हे त्याच्या शेजारी सहा तास उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आणि जमाव कसा बनतो, तो केव्हा फुटतो, कोणता एक शब्द त्याला शांत करतो, हे त्याला जेवढे ठाऊक आहे तेवढे आपल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. अतिदक्षता विभागाबाहेर जमलेल्या तीस नातेवाइकांपुढे ते ज्ञान आपल्या कामी येणार नाही काय?

टेरिटोरियल आर्मीचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते त्या सेनेचा आरंभ झाला, आणि तिथे अधिकारी व्हायचे तर उमेदवाराचा स्वतःचा चरितार्थाचा व्यवसाय असलाच पाहिजे, अशी अट आहे. गृहरक्षक दलात ही अट कागदावरच्या भावनेतच राहिली. माझे म्हणणे असे की भत्त्यावर जगणाऱ्यांचा भत्ता बंद करू नये, तो वाढवावा आणि वेळेवर द्यावा. त्यांना जे नियमित काम आहे त्याला नोकरी म्हणावे. आणि त्यांच्याबरोबर, स्वतंत्र तुकडीत नव्हे, एकाच तुकडीत, भत्ता न घेणाऱ्या दहा डॉक्टरांनी, दहा वकिलांनी, दहा अभियंत्यांनी उभे राहावे. भत्ता न घेणारा माणूस रांगेत असला की वरिष्ठ गृहरक्षकाकडून घरचा भाजीपाला आणवून घेताना दोनदा विचार करतो, हा आनुषंगिक लाभ मी अनुभवी कंपाउंडरच्या साक्षीने सांगतो.

नियमांप्रमाणे वयोमर्यादा १८ ते ५० आणि सेवेचा काळ साधारणतः तीन ते पाच वर्षांचा. म्हणजे माझ्यासारखा साठी ओलांडलेला वैद्य बाद झाला. आमच्यासाठी नागरी संरक्षण दल आहे. ७ मे २०२५ रोजी देशभर जी सरावाची संध्याकाळ झाली, तिच्यात भोंगा वाजल्यावर आपल्या गल्लीत दिवे मालवायला सांगत कोणी फिरावे, याचीच शोधाशोध होती. मी तेथे नाव देण्याचे ठरविले आहे.

चाळिशीच्या आतील सभासदांकरिता मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. दरवर्षी आपण कोणा ना कोणा पोलीस अधिकाऱ्याला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, छायाचित्र या स्मरणिकेत छापतो. येत्या ६ डिसेंबरला, दलाच्या वर्धापनदिनी, शाल घरी ठेवून आपले आठ-दहा तरुण सभासद जिल्हा कमांडंटच्या कचेरीत जावोत, वर सांगितलेल्या तीन अटी लेखी मांडोत, आणि कचेरीने त्या मान्य केल्या तर तेथेच अर्ज भरोत. न मान्य केल्यास त्यांचे उत्तर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत शब्दशः छापावे.